विश्लेषण : पिकअपवरचा कॅम्पर नुसत्या वजनावर टिकत नाही, बांधणी कशी निवडावी?

महिन्याच्या अखेरीस नवी मुंबईत घर बदलणाऱ्यांची लगबग सुरू होते. मग शीव-पनवेल महामार्गावर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर एक ओळखीचे दृश्य दिसते. पिकअपच्या हौद्यात कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, त्यावर गाद्या आणि या सगळ्यावरून दोनदा फिरवलेली नायलॉनची दोरी. कधी कधी सामानावर बसून एका हाताने कपाट धरलेला मुलगाही दिसतो. मागचा दुचाकीस्वार ते पाहून अंतर वाढवतो. त्या दोरीवर त्याचा विश्वास नसतो आणि तो बरोबर असतो.

याच हौद्यात आता आणखी एक वस्तू येऊ लागली आहे. ती म्हणजे कॅम्पर, अर्थात झोपायची, स्वयंपाकाची आणि सामान ठेवायची सोय असलेली खोली. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून चाकांवरच्या घराची चर्चा वाढली. पूर्ण कॅरॅव्हॅन प्रत्येकाला परवडत नाही. ज्याच्याकडे पिकअप आहे त्याला मात्र फॅब्रिकेटरकडून एक पेटी बनवून घ्यावी, शनिवार-रविवारी हौद्यात ठेवावी आणि सोमवारी उतरवावी, असा मोह होतो. पेटीची रचना, गादीची जाडी, पंख्याची जागा यावर महिनोन् महिने विचार होतो. ती हौद्यात धरून ठेवणार काय, हा प्रश्न निघायच्या आदल्या रात्री पडतो. खरे तर तो सर्वात आधी पडायला हवा.

कॅम्पर म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे कॅम्पर म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर दोन ओळी आसनांची आणि मागे हौदा असलेली बोलेरो कॅम्पर येते. ते गाडीचे नाव आहे. इथे विषय आहे तो पिकअपच्या हौद्यात बसवल्या आणि उतरवल्या जाणाऱ्या स्वतंत्र खोलीचा. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात हा प्रकार जुना आहे. भारतात हौशी मंडळींसाठीच्या पिकअप गाड्या उशिरा आल्या. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये, तर टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये बाजारात आली. त्याआधीपासून बाजार समितीतला भाजीपाला, सिमेंटची पोती, गणपतीच्या मूर्ती आणि लग्नाचे मंडप वाहणाऱ्या साध्या पिकअप होत्याच.

कॅरॅव्हॅन आणि असा कॅम्पर यांत मूलभूत फरक आहे. कॅरॅव्हॅनचा सांगाडा वाहनाचाच भाग असतो. हौद्यातला कॅम्पर मात्र गाडीच्या दृष्टीने केवळ भार असतो. त्याला घराचा दरवाजा आणि पडदे लावले तरी तो भारच राहतो. म्हणून त्याला भाराचेच नियम लागू होतात.

जड वस्तू जागची हलत नाही, हे खरे का?

‘अहो, पाचशे किलोचा डबा आहे, जातो कुठे?’ हे वाक्य बांधणीच्या बाबतीत सर्वात धोकादायक. वस्तू जड असली की घर्षण वाढते, हे खरे. पण वस्तू जितकी जड, तितकीच ती ब्रेक लागल्यावर पुढे जाण्याचा हट्टही धरते. दोन्ही गोष्टी वजनाच्याच प्रमाणात वाढतात. त्यामुळे ५० किलोचा फ्रिज आणि ५०० किलोचा कॅम्पर त्याच पृष्ठभागावर साधारण एकाच क्षणी सरकू लागतात. वजन वाढल्याने बांधणीची गरज कमी होत नाही. उलट सुटल्यावरचा दणका मोठा होतो.

अमेरिका आणि युरोप या दोन्हीकडे व्यावसायिक मालवाहतुकीत बांधणीचा हिशेब जवळपास सारख्याच आकड्यांवर होतो. ब्रेक लागल्यावर भार पुढे जाऊ नये म्हणून त्याच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला किंवा मागे जाऊ नये म्हणून ०.५ पट बल सांभाळता आले पाहिजे. हे आकडे काल्पनिक अपघाताचे नाहीत. जोराचा ब्रेक आणि जोराचे वळण एवढ्यातच ते गाठले जातात.

वळणाचेच पाहू. ३० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ४० किलोमीटर वेगाने घेतले, तर बाजूला ढकलणारे बल वजनाच्या सुमारे ०.४२ पट असते. तेच वळण ताशी ५० ने घेतले तर ते ०.६६ पट होते. वेग फक्त दहाने वाढला, पण बल दीडपटीहून जास्त झाले, कारण ते वेगाच्या वर्गानुसार वाढते. पाम बीच रस्त्यावरून चौकात वळताना किंवा उड्डाणपुलाच्या गोल उतारावर हा फरक चालकाला फक्त किंचित झुकल्यासारखा जाणवतो. मागच्या डब्याला तो पूर्ण जाणवतो.

हिशेब कसा मांडायचा?

समजा, कॅम्परचे भरलेले वजन ५०० किलो आहे. जोराचा ब्रेक लागला की तो ४०० किलो वजनाइतक्या जोराने पुढे जाऊ पाहील. हौद्याचा रंगवलेला पत्रा आणि कॅम्परचा लाकडी तळ यांच्यातले घर्षण ०.३ धरले, तर त्यातले १५० किलो घर्षण सांभाळेल. उरलेले २५० किलो बांधणीला सांभाळावे लागतील. तळाखाली चांगली न घसरणारी रबरी मॅट घातली आणि घर्षण ०.६ पर्यंत गेले, तर ते ३०० किलो सांभाळेल आणि बांधणीवर १०० किलोच उरतील. संपूर्ण बांधणीत इतका मोठा फरक इतक्या कमी पैशांत दुसरी कोणतीही वस्तू करत नाही.

पण इथेच एक मेख आहे. गाडी गतिरोधकावरून किंवा खड्ड्यातून उसळते, तेव्हा कॅम्पर क्षणभर हलका होतो. त्या क्षणी घर्षण जवळपास नाहीसे होते. पावसाळ्यात खड्डा आणि ब्रेक वेगवेगळे येत नाहीत. खड्डा दिसतो म्हणूनच ब्रेक मारला जातो. त्यामुळे घर्षण गृहीत न धरता पूर्ण ४०० किलोचा हिशेब मांडणे शहाणपणाचे.

आता पट्ट्यांचा कोन पाहू. कॅम्पर पुढे जाऊ लागला की त्याला अडवतात ते मागच्या बाजूला ओढणारे दोन पट्टे. ते ४५ अंशांत असतील, तर प्रत्येकावर सुमारे २८३ किलोचा ताण येईल. पण तेच पट्टे जवळजवळ उभे, म्हणजे ७५ अंशांत असतील, तर तेच काम करायला प्रत्येकावर सुमारे ७७० किलोचा ताण येईल. पट्टा तोच, कॅम्पर तोच, पण ताण पावणेतीन पट. उभा पट्टा कॅम्परला खाली दाबून ठेवायला उत्तम असतो, सरकण्यापासून अडवायला मात्र दुबळा. पिकअपमध्ये जागा कमी असल्याने बहुतेक पट्टे उभेच लागतात, ही अडचण लक्षात ठेवायला हवी.

यावरचा उपाय साधा आहे. उचलले जाणे पट्ट्यांनी थांबवायचे आणि सरकणे लाकडी गुटक्यांनी. कॅम्परचा पुढचा भाग हौद्याच्या पुढच्या भिंतीला थेट टेकवायचा किंवा मध्ये भक्कम गुटका ठोकून बसवायचा. दोन्ही बाजूंनाही चाकांच्या उंचवट्यांपर्यंत गुटके द्यायचे. मोकळी जागा हीच शत्रू. चार बोटांची फट असेल तर कॅम्पर त्या चार बोटांत वेग घेतो आणि मग पट्ट्याला ओढ नव्हे, हिसका बसतो.

उलटण्याचा हिशेब वेगळा आहे. हौद्यात चाकांच्या उंचवट्यांमध्ये साधारण १.१ मीटर रुंद जागा आहे आणि कॅम्पर तेवढ्याच तळावर बसला आहे, असे समजा. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५५ सेंटिमीटर. कॅम्परचा गुरुत्वमध्य तळापासून एक मीटर उंच असेल, तर ०.५ पट बाजूच्या बलाने तो जेमतेम उभा राहील. केबिनच्या वर पलंग काढला, छतावर सौरपट्टी आणि पाण्याची टाकी ठेवली आणि गुरुत्वमध्य १.२ मीटरवर गेला, तर बांधणीशिवाय तो त्याच वळणावर कलंडेल. वीस सेंटिमीटरने निकाल बदलतो. म्हणून जड वस्तू खाली आणि कॅम्परचे वरचे कोपरे बांधलेले, हे दोन्ही आवश्यक.

नवी मुंबईतील तीन बांधण्या काय शिकवतात?

हे ज्ञान परदेशातून आणावे लागत नाही. ते नवी मुंबईच्या रस्त्यांवर रोज फिरते, फक्त वेगवेगळ्या धंद्यांत विभागलेले आहे.

पहिली बांधणी तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतली. कांदा-बटाटा, भाजी, फळे, मसाला आणि धान्य अशा पाच बाजारांतून निघणारा माल बहुधा गोण्यांत आणि क्रेटमध्ये असतो. गोण्या एकमेकींत रुतून बसतात. वरून ताडपत्री आणि दोरी आवळली की सगळा ढीग एकजीव होतो. दोरी इथे चालते, कारण माल मऊ आहे आणि दाबला गेला तरी त्याचे बिघडत नाही.

दुसरी कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारातली. पत्र्याचे अवजड गुंडाळे ट्रेलरवर येतात. ते दोरीने बांधण्याचा विचारही कोणी करत नाही. खाली बैठक किंवा गुटके आणि वरून साखळ्या. गुटके घरंगळणे थांबवतात, साखळ्या उचलले जाणे. सरकणे आणि उचलले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळंबोलीच्या हमालालाही ठाऊक असते.

तिसरी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराची. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरातून बाहेर पडणाऱ्या कंटेनरवरून कधी दोरी गेलेली दिसत नाही. कंटेनरच्या चार तळकोपऱ्यांत पोलादी खाचा असतात. ट्रेलरवरचे चार खटके त्यांत शिरतात आणि ९० अंशांत फिरून अडकतात. कंटेनर पोलादाचा असूनही त्याला वरून दाबत नाहीत. त्याला खालून, चार कोपऱ्यांत आणि थेट ट्रेलरच्या चौकटीला धरतात.

कॅम्पर दिसायला घर असला तरी बांधणीच्या दृष्टीने तो कंटेनरच्या जवळचा आहे आणि गोणीपासून सर्वात दूर. लोक मात्र त्याला गोणीसारखे बांधतात. वरून पट्टा टाकून आवळण्याचा हिशेब पाहा. घर्षणाच्या जोरावर उरलेले २५० किलो सांभाळायचे, तर ०.३ घर्षणाला आणखी सुमारे ८३० किलोचा दाब वरून द्यावा लागतो. रॅचेट बेल्ट हाताने आवळल्यावर साधारण ३०० किलोचा ताण येतो आणि दुसऱ्या बाजूला तो त्याहून कमीच पोहोचतो. म्हणजे किमान दोन, सावधगिरीने तीन पट्टे छतावरून न्यावे लागतील. प्लायवूड आणि फायबरच्या छताच्या कडांवर तो सारा दाब पडेल. छत दबेल, दबले की पट्टा सैल होईल आणि मग तो काहीच धरणार नाही. म्हणून कॅम्परला वरून आवळू नये. त्याच्या सांगाड्यातच कड्या बसवून चार कोपऱ्यांतून खाली ओढावे.

पट्टा, साखळी की टर्नबकल?

नायलॉनची दोरी ताणली जाते, भिजली की आणखी कमजोर होते आणि गाठ मारलेल्या जागी तिची ताकद निम्म्याच्या आसपास येऊ शकते. प्लास्टिकची रंगीत दोरी उन्हात काही महिन्यांत ठिसूळ होते. कॅम्परसाठी दोन्ही बाद.

पॉलिस्टरचा रॅचेट बेल्ट कमी ताणला जातो, पाण्याने फारसा बिघडत नाही, स्वस्त आहे आणि गरज पडली तर वाटेतल्या बाजारातही मिळतो. अधूनमधून कॅम्पर ठेवणाऱ्यासाठी ५० मिलिमीटर रुंदीचे चार पट्टे हा व्यवहार्य पर्याय. त्याचे दोन शत्रू आहेत. एक, पत्र्याची धार. जिथे पट्टा कडेवरून वळतो तिथे रबर किंवा जाड कातड्याचा तुकडा द्यावाच लागतो. दुसरा, ऊन.

साखळी ताणली जात नाही, कापली जात नाही. पण ती हिसकाही पचवत नाही. जो धक्का पट्टा थोडा ताणून सोसतो, तो साखळी थेट कडीकडे पोहोचवते. हलक्या कॅम्परला साखळी म्हणजे माशीला हातोडा.

नियमित वापरासाठी सर्वात सोयीचा पर्याय म्हणजे टर्नबकल, म्हणजे दोन टोकांना हूक असलेला आणि मध्ये फिरवून घट्ट होणारा लोखंडी दांडा. परदेशात कॅम्परसाठी मिळणाऱ्या टर्नबकलमध्ये अनेकदा स्प्रिंग असते. त्याचे कारण पिकअपच्या रचनेत आहे. पिकअपची चासी शिडीसारखी असते आणि खडबडीत रस्त्यावर ती पिळवटते. केबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात. कॅम्पर मात्र ताठ असतो. ताठ दांड्याने बांधले, तर चासी एका बाजूला पिळवटली की दांडा सैल होतो आणि दुसऱ्या बाजूला तो कडी उपटू पाहतो. स्प्रिंग ही घट-बढ पोटात घेते. साधा टर्नबकल वापरायचा असेल, तर तो आपोआप उलटा फिरून सुटू नये म्हणून त्याला चेक नट किंवा तारेची पीन हवीच.

एक चूक सगळ्या प्रकारांत समान आहे. रॅचेटच्या दांड्यात पाइप घालून जोराने आवळणे. यामुळे बांधणी मजबूत होत नाही. प्रवास सुरू होण्याआधीच पट्ट्याची आणि कडीची क्षमता खर्च होते. हाताने घट्ट, एवढे पुरे.

पट्ट्यावरचे आकडे कसे वाचायचे?

बाजारात पट्ट्यावर ठळक अक्षरांत ‘पाच टन’ लिहिलेले असते. ग्राहक समजतो की हा पट्टा पाच टन सांभाळेल. बहुतेक वेळा तो आकडा पट्टा तुटण्याचा असतो, वापरायचा नसतो. अमेरिकेतील प्रथेप्रमाणे वापरायची मर्यादा तुटण्याच्या ताकदीच्या एकतृतीयांश धरतात.

युरोपीय मानकाप्रमाणे बनवलेल्या पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी असते. पॉलिस्टरची चिठ्ठी निळी. तिच्यावर ‘एलसी’ म्हणून दिलेला आकडा म्हणजे सरळ ओढीत पट्ट्याने सांभाळायचा कमाल ताण. ‘एसटीएफ’ म्हणजे हाताने आवळल्यावर पट्ट्यात राहणारा ताण. दोन्ही आकडे डेकान्यूटनमध्ये असतात आणि एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो वजन. ५० मिलिमीटरच्या चांगल्या पट्ट्याची सरळ ओढीतली मर्यादा अडीच हजार डेकान्यूटन असू शकते. चिठ्ठीच नसेल, ती फाटली असेल किंवा पट्ट्याच्या कडेला रुंदीच्या दहा टक्क्यांहून मोठा काप असेल, तर तो पट्टा गाद्या बांधायला ठेवावा, कॅम्परला नाही.

आता वरचा हिशेब पुन्हा आठवा. ४५ अंशांत ताण २८३ किलो, ७५ अंशांत ७७० किलो. अडीच हजारांचा पट्टा दोन्ही परिस्थितींत आरामात पुरतो. म्हणजे पट्टा हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो पट्ट्याचा हूक ज्यात अडकवला आहे त्या कडीचा.

कडी कुठे असावी?

दुकानात अर्धा तास पट्टा निवडणारा माणूस तो हौद्याच्या ज्या हुकात अडकवतो, त्याच्याकडे पाहतही नाही. व्यावसायिक पिकअपच्या फाळक्याबाहेरचे हूक ताडपत्रीची दोरी अडकवण्यासाठी असतात. अनेक गाड्यांत ते पातळ पत्र्यावर टाचलेले असतात. त्यांच्यावर क्षमता लिहिलेली नसते. अडीच हजारांचा पट्टा अशा हुकात अडकवला, तर संपूर्ण बांधणीची ताकद त्या हुकाएवढीच राहते. साखळीची ताकद तिच्या सर्वात कमजोर दुव्याएवढी असते, हे शाळेतले वाक्य इथे शब्दशः लागू पडते.

फाळक्याला बांधणे तर टाळायलाच हवे. फाळका उघडायसाठी असतो. त्याच्या बिजागऱ्या आणि खटके बाजूची ओढ सहन करायला बनवलेले नसतात.

योग्य जागा दोनच. एक, उत्पादकाने हौद्याच्या आत दिलेल्या बांधणीच्या कड्या, ज्यांची क्षमता गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असेल तर. दुसरी, चासी. चासीवरून कंस बाहेर काढून त्याला कडी लावणे हा सर्वात भक्कम मार्ग. मात्र चासीला वेल्डिंग करू नये आणि मनाने भोके पाडू नयेत. उष्णतेने तिथला पोलाद कमजोर होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. आधीपासून असलेल्या भोकांत बोल्ट लावून किंवा क्लॅम्प आवळून कंस बसवावा. हौद्याच्या तळालाच कडी लावायची असेल, तर खालून मोठी पोलादी पट्टी द्यावी. नुसत्या वॉशरवरचा बोल्ट हिसक्यात पत्रा फाडून वर येतो.

वजन किती आणि कुठे?

बांधणीचा हिशेब कॅम्परच्या रिकाम्या वजनावर नव्हे, भरलेल्या वजनावर होतो. ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो. त्यात बॅटरी, शेगडी, सिलिंडर, अंथरूण, भांडी, किराणा. गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर रिकामे वजन आणि कमाल भारित वजन दोन्ही असतात. त्यांतील फरकातून प्रवाशांचे आणि सामानाचे वजन वजा केले की कॅम्परला उरलेली जागा कळते. अनेकांचा बेत इथेच बदलतो आणि तो इथे बदललेला बरा.

तुर्भे, कळंबोली परिसरात वजनकाटे आहेत. सर्व सामान भरून गाडी काट्यावर न्यावी. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या पुढे असायला हवा. तो मागे गेला, तर पुढची चाके हलकी होतात, सुकाणू सैल लागते आणि घाटाच्या चढावर गाडी चालकाचे ऐकेनाशी होते. अशा गाडीला कोणताही पट्टा वाचवत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलतील असे फेरफार वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. कायमस्वरूपी जोडलेली खोली हा फेरफार ठरू शकतो. पूर्ण मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस १२४ हे स्वतंत्र मानक आहे. म्हणून कॅम्पर उतरवता येणारा आहे की कायमचा, हे ठरवून एमएच ४३ असो की एमएच ४६, आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात काम सुरू करण्यापूर्वी विचारणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे योग्य.

भाराबाबत २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १९४ कडक आहे. मर्यादेपेक्षा जास्त वजनाला २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड. भार वाहनाच्या बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तरी २० हजार रुपये दंड. वाहनाबाहेर डोकावणाऱ्या लोखंडी सळयांवर २०१४ मध्ये बंदी आली, तीही मागच्या वाहनातील माणसे त्यांवर आदळून मेल्यानंतर. चालत्या गाडीत कॅम्परमध्ये कोणी बसू नये, हे मात्र दंडाच्या भीतीने नव्हे, वरचा हिशेब वाचून कळायला हवे.

निघण्यापूर्वी आणि वाटेत काय तपासावे?

बांधून झाल्यावर कॅम्परला हाताने जोरात हलवून पाहावे. गाडी हलली पाहिजे, गाडीपासून वेगळा कॅम्पर हलता कामा नये. सिलिंडर बंद आणि बांधलेला, कपाटांचे खटके लावलेले, पट्ट्यांची मोकळी टोके गुंडाळलेली. लोंबणारे टोक चाकात गेले तर पट्टा क्षणात ओढला जातो.

नवी बांधणी सुरुवातीच्या प्रवासात बसते आणि सैल होते. अमेरिकेतील व्यावसायिक चालकांना पहिल्या ५० मैलांत, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरमध्ये, भार पुन्हा तपासावा लागतो आणि पुढे ठरावीक अंतराने किंवा तासांनी. आपल्याकडे याचे सोपे भाषांतर करता येते. कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने लोणावळ्याकडे निघालात, तर बोरघाट चढण्यापूर्वी खालापूरच्या फूड मॉलला थांबून पट्टे हाताने चाचपा. कोकणात निघालात, तर पहिल्या चहाला. पाऊस लागून गेला असेल तर पुन्हा एकदा.

मग उरते काय?

वजनाला वजनकाटा आहे. लांबी, रुंदी, उंचीला टेप आहे. म्हणून आपला दंडही वजनावर आणि मापावर होतो. बांधणी मोजणारा काटा रस्त्यावर नाही. त्यामुळे वजनात बसणारी, मापात बसणारी आणि एका दोरीवर लटकणारी पेटी टोलनाक्यावरून बिनदिक्कत पुढे जाते.

यात सरकारला आणि उत्पादकांना करण्यासारखे एक छोटे काम आहे. युरोपात साडेतीन टनांवरील मालवाहनांच्या बांधणी-कड्यांसाठी मानक आहे. साडेतीन ते साडेसात टनांच्या वाहनात प्रत्येक कडीने किमान ८०० डेकान्यूटन सांभाळावे, असे ते सांगते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पिकअपच्या हौद्यात चार तरी कड्या असाव्यात आणि प्रत्येकीच्या शेजारी तिची क्षमता किलोमध्ये, मराठीत आणि हिंदीत, कोरलेली असावी. योग्यता तपासणीत दिव्यांसोबत त्या कड्याही पाहिल्या जाव्यात. याचा फायदा मूठभर कॅम्परवाल्यांपेक्षा फ्रिज-कपाट वाहणाऱ्या हजारो टेम्पोचालकांना होईल. बांधायला योग्य जागा नसताना ‘नीट बांधा’ म्हणणे हा उपदेश आहे, उपाय नाही.

तोवर कॅम्पर घेणाऱ्याने खरेदीचा क्रम उलटा करावा. आधी चासीवरची जागा आणि कडी, मग गुटके आणि रबरी मॅट, मग कोन, आणि सर्वात शेवटी पट्टा. पट्टा ही या यादीतली सर्वात स्वस्त आणि सर्वात सहज मिळणारी गोष्ट आहे. कॅम्परचे ओझे चालकाच्या हौद्यात असते. ते सुटले, तर पडते मागून येणाऱ्या दुचाकीस्वारावर.